पन्नाशीनंतरची बलोपासना

बळाच्या देवतेची आमच्या टापूत कधीच उपेक्षा झाली नाही. जामसावळीच्या निद्रिस्त हनुमंताचे दर्शन न घेतलेले कुटुंब मोहगाव, सौसर, पांढुर्ण्याकडे क्वचितच सापडेल. आणि ज्याच्या वेशीवर वा पारावर शेंदूर चर्चिलेला मारुती नाही असे गाव तर शोधूनच काढावे लागेल. मात्र देवतेची उपासना जन्मभर आणि बळाची उपासना लग्न होईपर्यंत, असा आमचा जुना शिरस्ता आहे. मिसरूड फुटलेला मुलगा डंड-बैठका काढू लागला की सर्वांना त्याचे कौतुक वाटते. तोच पुढे चाळिशी ओलांडून, दोन मुलांचा बाप होऊन वजने उचलू लागला, तर शेजारीपाजारी गालांतल्या गालांत हसतात. आणि बावन्न वर्षांच्या काकूंनी लोखंडी दांडा हाती धरला तर? हसण्याचेही कोणाला सुचणार नाही. कोणीतरी धावत जाऊन तो त्यांच्या हातून काढूनच घेईल.

‘आता वय झाले’ हे तीन शब्द आमच्या घरांत फार लवकर आणि फार सहज उच्चारले जातात. त्यांची किंमत मात्र पुढे वीस-पंचवीस वर्षे चुकवावी लागते. प्रथम पाटावरून उठताना जमिनीला हात टेकावा लागतो. मग पंगत सोडून खुर्चीवर पान वाढून घ्यावे लागते. मग पाण्याची घागर सुनेकडे आणि बाजाराची पिशवी नातवाकडे जाते. देवळाच्या पायऱ्या नकोशा होतात, आणि एखाद्या दिवशी न्हाणीघरात पाय घसरतो. खुब्याचे हाड मोडलेली वृद्ध माणसे आपणांपैकी प्रत्येकाने पाहिली आहेत. त्यांतली किती पुन्हा स्वतःच्या पायांनी पूर्ववत हिंडूफिरू लागली, हेही आपणांस ठाऊक आहे. हे सारे वयामुळे घडते अशी आपली समजूत असते. परंतु त्यातला बराचसा भाग वयाने नव्हे, तर बळ वापरण्याचे सोडून दिल्याने घडतो; तो थांबवता येतो, किंबहुना काही अंशी मागेही फिरवता येतो. हीच गोष्ट आम्हांस ह्या लेखात सांगावयाची आहे, आणि ती सांगण्यासाठी आम्ही एका खेळाचा आधार घेत आहोत. तो खेळ म्हणजे प्रौढ वयात हौसेने आरंभिलेले वजन उचलणे, अर्थात पॉवरलिफ्टिंग.

एक्केचाळिसाव्या वर्षी आरंभ

२०१९ सालच्या जुलै महिन्यात रशियातील चेल्याबिन्स्क ह्या शहरी पॉवरलिफ्टिंगची खुली आशियाई स्पर्धा भरली होती. तीत पुण्याच्या भावना टोकेकर ह्यांनी चार सुवर्णपदके मिळविली. त्यांचे वय तेव्हा सत्तेचाळीस होते. वायुदलातील अधिकाऱ्याच्या त्या पत्नी, दोन मुलांच्या आई आणि गृहिणी. त्यांनी वजने प्रथम हाती घेतली ती वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी. आणि तीही पदकासाठी नव्हे, तर घ्याव्या लागलेल्या औषधांच्या दुष्परिणामांतून शरीर सावरावे म्हणून. प्रकृतीसाठी धरलेली वाट सहा वर्षांत त्यांना आंतरराष्ट्रीय मंचापर्यंत घेऊन गेली. पुण्याच्याच डॉ. शर्वरी इनामदार ह्या आयुर्वेदाच्या चिकित्सक आणि पॉवरलिफ्टिंगपटू. साडी नेसून त्या व्यायाम करतात अशी त्यांची चित्रफीत काही वर्षांपूर्वी घरोघरी पाहिली गेली, आणि ‘आमच्या पोषाखात हे कसे जमावे?’ ह्या प्रश्नाचे उत्तर तिने परस्परच देऊन टाकले.

सातासमुद्रापलीकडचे एक उदाहरण तर याहून नवलाचे आहे. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात टाम्पा येथे राहणाऱ्या ईडिथ म्यूरवे-ट्रेना ह्या मूळच्या नृत्यशिक्षिका. त्यांनी वजने उचलण्यास आरंभ केला तो वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी. पुढे अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी स्पर्धेत उतरल्याबद्दल सर्वांत वयोवृद्ध स्पर्धक महिला म्हणून गिनीजच्या विक्रमग्रंथात त्यांची नोंद झाली.

वाचकहो, ही उदाहरणे देण्यात आमचा हेतू असा मुळीच नाही की मोहगावच्या प्रत्येक आजीबाईंनी रशियाला जावे. हेतू एवढाच की ‘ह्या वयात हे व्हावयाचे नाही’ असे जे आपण बसल्या जागी ठरवून टाकतो, ते तपासून पाहण्याची वेळ आली आहे.

खेळ तरी काय आहे?

पॉवरलिफ्टिंग हे नाव परके असले तरी त्यातील क्रिया परक्या नाहीत. उचली तीनच. पहिली स्क्वॅट, म्हणजे खांद्यांवर भार घेऊन काढलेली बैठक. मांडीचा वरचा सांधा गुडघ्याच्या खाली गेला पाहिजे आणि मग उभे राहता आले पाहिजे. दुसरी बेंच प्रेस. बाकावर उताणे पडून दांडा छातीपर्यंत आणावयाचा, क्षणभर थांबावयाचे आणि हात सरळ होईपर्यंत वर ढकलावयाचा. तिसरी डेडलिफ्ट, जमिनीवरचा भार उचलून गुडघे व पाठ सरळ करून ताठ उभे राहावयाचे. बैठक घालून उठणे, समोरचे ढकलणे आणि खालचे उचलणे ह्या तीन क्रियांवरच आपला निम्मा संसार चाललेला असतो. धान्याचे पोते, पाण्याचा हंडा, गॅसचे सिलिंडर, संत्र्यांनी भरलेली पेटी आणि कडेवर येण्यासाठी हट्ट धरून बसलेला नातू ह्या सर्वांना डेडलिफ्टच लागते. फक्त तिला आपण ते नाव देत नाही.

स्पर्धेत प्रत्येक उचलीचे तीन प्रयत्न मिळतात. तिन्ही उचलींतील आपापल्या उत्तम भारांची बेरीज केली जाते आणि त्या बेरजेवर क्रम लागतो. तीन पंच पांढरा वा तांबडा दिवा लावून कौल देतात. दोन पांढरे दिवे लागले की उचल मान्य. स्पर्धकांचे गट शरीराच्या वजनावरून पाडतात, तसेच वयावरूनही पाडतात. ह्या लेखाच्या दृष्टीने महत्त्वाचे ते हेच. आंतरराष्ट्रीय पॉवरलिफ्टिंग महासंघाच्या नियमांत चाळिशीपासून प्रौढांचे वेगळे गट सुरू होतात : चाळीस ते एकोणपन्नास, पन्नास ते एकोणसाठ, साठ ते एकोणसत्तर आणि सत्तरीपुढील. म्हणजे बासष्ट वर्षांच्या गृहस्थांची तुलना बावीस वर्षांच्या पोराशी होत नाही.

शिवाय ह्या खेळात कोणी कोणाला चीत करीत नाही, अंगाला अंग भिडत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला जाम नदीच्या पात्रात होणारी गोटमार आपण सर्व जाणतो. तिथले धाडस वर्षातून एका दिवसाचे, आणि त्यात दरवर्षी माणसे जखमी होतात. इथली लढत निराळी. गेल्या महिन्यात तीस किलो उचलले, ह्या महिन्यात साडेबत्तीस उचलता येतात काय, एवढाच प्रश्न. प्रतिस्पर्धी म्हणजे गेल्या महिन्यातले आपणच. उतारवयातील माणसाला ‘दर वर्षी काहीतरी कमी होत आहे’ ह्या जाणिवेची सवय झालेली असते. तिला आकड्यांत वाढताना दिसणारी एखादी गोष्ट हाती लागणे, हा मनाच्या दृष्टीने लहानसहान लाभ नव्हे.

शास्त्र काय म्हणते?

तिशीनंतर माणसाचे स्नायू हळूहळू झिजू लागतात. दर दशकात साधारणतः तीन ते आठ टक्के एवढा ऱ्हास होतो आणि साठीनंतर त्याचा वेग वाढतो, असे शास्त्रज्ञ सांगतात. ह्या झिजेला ‘सार्कोपेनिया’ असे नाव आहे. ती अटळ व न फिरणारी आहे अशी समजूत बरीच वर्षे होती. तिला मोठा धक्का दिला तो बोस्टन येथील एका वृद्धाश्रमात झालेल्या प्रयोगाने. मारिया फियातारोने व त्यांच्या सहकाऱ्यांनी सरासरी नव्वद वर्षे वयाच्या दहा दुर्बल वृद्धांकडून आठ आठवडे पायांचा भारयुक्त व्यायाम करवून घेतला. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालानुसार प्रयोग पूर्ण करणाऱ्यांच्या पायांचे बळ सरासरी १७४ टक्क्यांनी वाढले, मांडीच्या स्नायूंचे आकारमान नऊ टक्क्यांनी वाढले आणि चालण्यातही सुधारणा झाली. नव्वदीत जे घडू शकते ते पन्नाशीत घडणार नाही, असे म्हणण्यास मग जागा कोठे उरते?

दुसरा प्रयोग आमच्या भगिनींनी विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे. मासिक पाळी गेल्यानंतर स्त्रियांची हाडे झपाट्याने ठिसूळ होऊ लागतात, आणि ‘जड उचलू नका’ हा सल्ला त्यांना हटकून मिळतो. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात अशाच, हाडांची घनता घटलेल्या १०१ स्त्रिया घेतल्या. त्यांपैकी एका गटाने आठ महिने, आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, जाणकारांच्या नजरेखाली जड भाराचा व्यायाम केला. त्यात स्क्वॅट होती, डेडलिफ्टही होती. दुसऱ्या गटाने घरच्या घरी हलका व्यायाम केला. पहिल्या गटाच्या कमरेच्या मणक्यांची घनता सरासरी २.९ टक्क्यांनी वाढली. दुसऱ्या गटाची १.२ टक्क्यांनी घटली. आरंभीचा काळ हलक्या भारावर नीट पद्धत शिकण्यात घालविला होता आणि देखरेख सतत होती, हे मात्र विसरू नये. ‘जड उचलू नका’ ह्याऐवजी ‘नीट शिकून, बेताबेताने जड उचला’ हा सल्ला अधिक शहाणपणाचा ठरला.

जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२० साली प्रौढांसाठी आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम सुचविला आहे, आणि पासष्टीपुढील मंडळींनी त्याच्या जोडीला तोल सांभाळण्याचा व्यायाम आठवड्यातून तीन वा अधिक दिवस करावा असे म्हटले आहे. नुसते सकाळचे फिरणे चांगलेच. पण ते ह्याची जागा घेऊ शकत नाही.

आमचा वारसा

हे सारे पाश्चात्त्यांचे खूळ आहे असे ज्यांना वाटत असेल त्यांनी औंधच्या राजेसाहेबांचे चरित्र आठवावे. बाळासाहेब उर्फ भवानराव पंतप्रतिनिधी ह्यांचा जन्म १८६८ सालचा. ऐन उमेदीत त्यांनी युरोपातील प्रसिद्ध बलोपासक सँडो ह्याच्या पद्धतीने व्यायाम केला. सूर्यनमस्कारांचा नेम त्यांनी धरला तो १९०८ च्या सुमारास, म्हणजे चाळिशीच्या उंबरठ्यावर. पुढे त्यांनी तो आपल्या संस्थानातील शाळांत नेला, त्यावर ग्रंथ लिहिले आणि १९५१ साली ब्याऐंशीव्या वर्षी ते निवर्तले. आज ज्यांच्या नावाने सूर्यनमस्कार ओळखले जातात त्या पुरुषाने ते तरुणपणी नव्हे, प्रौढपणी हाती घेतले, ही गोष्ट आपण सहसा ध्यानात घेत नाही.

आमचा टापू तर दोन वारशांचा धनी आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले आणि आमचा छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौसर तालुक्यासह आम्ही त्यात आलो. घरात मराठी आणि कचेरीत हिंदी असा आमचा दुहेरी संसार. एका बाजूला वऱ्हाडात अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ. १९१४ साली स्थापन झालेल्या ह्या संस्थेच्या पथकाने १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखविली होती. दुसऱ्या बाजूला आमचे राज्य. त्याने २०१३ साली मल्लखांबाला राज्यक्रीडेचा मान दिला. आणि मोहगावात तर अर्धनारीश्वराचे पुरातन देवालय आहे. शिव आणि शक्ती एकाच देहात पूजणाऱ्या गावाने बळ हे केवळ पुरुषांचे मानावे, हे आम्हांस तरी उमगत नाही.

‘आम्ही तर दिवसभर राबतो’

ह्यावर एक आक्षेप हमखास येतो : शेतीवाडी करणाऱ्याला व्यायाम कशाला? आक्षेपात तथ्य आहे. कापूस वेचणारी, संत्र्यांच्या पेट्या चढविणारी माणसे कष्टाळू असतात. पण कष्ट आणि व्यायाम ह्यांत भेद आहे. कष्टात तेच ते काम, त्याच त्या वाकलेल्या स्थितीत, थकवा येऊनही करावे लागते. त्याने अंग झिजते. व्यायामात भार मोजका असतो, पद्धत नेमकी असते, तो हळूहळू वाढविला जातो आणि मध्ये विश्रांती असते. त्याने अंग घडते. शिवाय आमच्यातील कितीतरी घरे आता शिक्षकी, कारकुनी वा दुकानदारी करणारी आहेत. विहिरीवर पंप बसला, पाट्या-वरवंट्याची जागा मिक्सरने घेतली, चार पावलांसाठीही मोटारसायकल निघते. आजीच्या हातांना नकळत मिळणारा व्यायाम सुनेला मिळत नाही. तो जाणून-बुजून मिळवावा लागतो.

आरंभ कसा करावा?

प्रथम स्वतःची परीक्षा. हात छातीशी घडी घालून खुर्चीवरून पाच वेळा पूर्ण उठावे आणि बसावे. ह्याला बारा सेकंद वा अधिक वेळ लागत असेल, तर पायांचे बळ घटले आहे असे समजावे. आशियाई तज्ज्ञांच्या गटाने २०१९ साली हाच निकष ठरविला.

नंतर डॉक्टरांचा सल्ला. हृदयविकार, ताब्यात नसलेला रक्तदाब, अंतर्गळ, मधुमेहाने डोळ्यांच्या पडद्याला झालेला विकार, नुकतीच झालेली मोतीबिंदूची वा अन्य शस्त्रक्रिया, ह्यांपैकी काही असल्यास परवानगीवाचून वजनाला हात लावू नये. हाडे ठिसूळ झाली असल्यास जाणकाराच्या देखरेखीवाचून पुढे जाऊ नये.

पहिला महिना भाराचा नव्हे, पद्धतीचा. खुर्चीवरून उठणे-बसणे, भिंतीला हात टेकून जोर काढणे, आणि एखादी काठी दोन्ही हातांत धरून कमरेतून वाकावे कसे हे शिकणे. वाकताना पाठ सरळ राहावी, भार पायांशी जवळ असावा आणि उचल मांड्यांच्या व नितंबांच्या जोरावर व्हावी. मग पाच किलो धान्याची पिशवी, मग दहाची. स्पर्धेचा रिकामा लोखंडी दांडाच वीस किलोचा असतो, हे लक्षात ठेवावे. त्याच्यापर्यंत पोहोचणे हाच पहिला टप्पा मानावा. आठवड्यातून दोन, फार तर तीन दिवस पुरेत. मध्ये एक दिवस विश्रांतीचा असावाच, कारण स्नायू घडतात ते विश्रांतीतच. भार वाढवावा तो एक-दोन किलोंनी, आणि तोही आधीचा भार नीट पेलू लागल्यावर. उचलताना श्वास फार वेळ कोंडू नये. बाकावरचा व्यायाम एकट्याने कधीही करू नये. डोक्याशी आधार देणारा सोबती हवाच. छातीत दुखले, घेरी आली वा सांध्यात कळ आली, तर तिथेच थांबावे. ज्या दिवशी मन ‘आणखी एक’ म्हणते आणि पाठ ‘नको’ म्हणते, त्या दिवशी पाठीचे ऐकावे.

आहाराची गोष्ट अशी की भारतीय वैद्यकीय अनुसंधान परिषदेने प्रौढांसाठी शरीराच्या दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने सांगितली आहेत. उतारवयात एक ग्रॅम वा थोडी अधिक असावीत असे अनेक तज्ज्ञांचे मत आहे. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी हे प्रमाण डॉक्टरांनाच विचारावे. आमच्या स्वयंपाकघरात तूर आहे, हरभरा आहे, पिठले-भाकर आहे, शेंगदाणे, दूध, दही, ताक आहे. खाणाऱ्यांसाठी अंडी आहेत. उणीव असते ती वाढून घेण्यात. सर्वांची ताटे झाल्यावर उरल्यासुरल्या वरणावर स्वतःचे जेवण उरकणाऱ्या गृहिणीने ही सवय प्रथम सोडावी. आणि कोणी भुकटीचे डबे वा इंजेक्शने सुचवू लागला, तर त्याला दारातूनच नमस्कार करावा. स्नायू फुगविणारी औषधे काळीज आणि यकृत ह्यांचा घात करतात; तरुणाला घातक ती प्रौढाला दुपटीने घातक.

स्पर्धेत उतरावयाचे झाल्यास एक सावधगिरी हवी. ह्या खेळाच्या संघटना एकाहून अधिक आहेत आणि प्रत्येकीचे नियम, गट व मान्यता निराळी असते. प्रवेशशुल्क भरण्यापूर्वी संघटना कोणती, वयोगट कोणते आणि उत्तेजक द्रव्यांची तपासणी होते की नाही, ह्याची चौकशी करावी.

आता काम मंडळांचे

एकट्यादुकट्याने घरी आरंभ करता येतो. पण तो टिकतो तो सोबतीने. आमच्या गावोगावच्या गणेशोत्सव मंडळांनी, महिला मंडळांनी आणि देवस्थानांनी ह्यात लक्ष घालावे, अशी आमची आग्रहाची सूचना आहे. एक लोखंडी दांडा, थोडी वजने, एक भक्कम बाक आणि शिकविणारा एक जाणकार, एवढ्यावर काम सुरू होते. सकाळचा एक तास केवळ भगिनींसाठी राखून ठेवावा. हनुमान जयंतीला मुलांच्या कुस्त्या होतात, त्या अवश्य व्हाव्यात. त्यांच्या जोडीला चाळिशीपुढील स्त्री-पुरुषांची वयोगटवार उचल ठेवावी. पहिले बक्षीस सर्वांत जड उचलणाऱ्याला असो. पण दुसरे, तितक्याच मानाचे, बक्षीस वर्षभरात स्वतःच्या बळात सर्वाधिक भर घालणाऱ्याला मिळावे. साठीचे काका आणि त्यांच्या सूनबाई एकाच दिवशी मंचावर उभ्या राहिल्या, तर पहिल्या वर्षी लोक हसतील. दुसऱ्या वर्षी त्यांतलेच काहीजण नाव नोंदवायला येतील.

म्हातारपण कोणाला चुकले नाही आणि चुकणारही नाही. परंतु पाटावरून आपले आपण उठणे, आपली घागर आपण भरणे आणि नातवाला आपल्या हातांनी उचलून घेणे, एवढे स्वातंत्र्य शेवटपर्यंत राखण्यासाठी आठवड्यातील दोन तास फार नव्हेत. चाळीस, पन्नास वा साठ, जे काही वय आज आहे, त्या वयातच हा आरंभ करावयाचा आहे.